मुरायला वेळ लागतो

अहिल्यानगर, म्हणजे आमचं नगर, हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेला, आमच्या पाथर्डीच्या बाजूला, पाचशे मिलिमीटर झाला तरी माणसं म्हणतात, यंदा बरं झालं. जिल्हा एक, कचेरी एक, आणि पावसात दहापटींचं अंतर. एका टोकाला आभाळ फाटतं तेव्हा दुसऱ्या टोकाला माणसं कपाळावर हात धरून ढग मोजत असतात. माझं सगळं आयुष्य या दुसऱ्या टोकाला गेलं. नोकरी संपली त्या वर्षी मी पहिल्या टोकाला जाऊन राहिले. वैशाखात गेले आणि भाद्रपदात परतले.

मुलाच्या मनात मला बालीला न्यायचं होतं. निळं पाणी, नारळाची झाडं, पायाखाली ऊन ऊन वाळू. निवृत्त आईला याहून चांगली भेट कोणती द्यावी? त्याचं प्रेम मला कळत होतं. पण आपण राहतो तोही उष्ण कटिबंधच आहे, हे शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलेलं माझ्या मनात पुन्हा वर आलं. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात, की भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर असतो आणि अंगणात रोवलेल्या काठीला सावली उरत नाही. या दोन दिवसांमध्ये सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो, कर्कवृत्ताला शिवून परत फिरतो, आणि याच काळात समुद्रावरून निघालेला मान्सून आपल्या दारात येतो. पृथ्वीवरचा एवढा मोठा सोहळा दरवर्षी आपल्याच आभाळात होतो, आणि तो मी कार्यालयाच्या खिडकीतून, फायलींच्या आडून पाहत आले होते. तो एकदा पुरता पाहायचा, पहिल्या बिनसावलीच्या दिवसापासून दुसरा ओलांडून पुढं जाईपर्यंत, असं ठरवलं आणि घाटघरच्या बाजूच्या भंडारदऱ्याची वाट धरली.

दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला उरवून ठेवण्याची सवय असते. आमच्या घरी कालचं पाणी शिळं म्हणून कधी फेकलं गेलं नाही. भांडी घासलेलं पाणी झाडाला जायचं, कपड्यांचं पाणी अंगणाच्या सड्याला. 1972 च्या दुष्काळात आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या कामावर खायला मिळालेल्या सुकडीचा वास तिला पुढं आयुष्यभर सहन झाला नाही. त्या घरातून मी बाहेर पडले, नोकरीला लागले, आणि ती सवय मी पाण्यावरून दिवसांवर नेली. रजा घ्यायची नाही, साठवायची. आराम करायचा नाही, पुढं कधीतरी करू. आनंदाचा प्रसंग आला तरी थोडा हात राखून. पुढं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक, हे वाक्य आमच्याकडं देवाच्या नावासारखं ओठांवर असतं. ते खोटं नाही. दोन पावसाळे सलग दगा देतात तिथं हे शहाणपणच आहे. पण रांजण कायम झाकून ठेवला की घरातल्या माणसाला तहान लागल्याचंही कळेनासं होतं, तसं माझं झालं होतं.

मी राहिले ती वाडी रतनवाडीच्या अलीकडं, भंडारदरा धरणाच्या फुगवट्याच्या वर, उतारावर आहे. पाच-पन्नास कौलारू घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा गिलावा. मी उतरले त्या घरात म्हातारी आजी, बाबा, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि डांगी बैलांची जोडी. मला ओसरीलगतची खोली मिळाली. सगळ्यात आधी जे दिसलं त्यानं मी थबकले. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस पडतो त्या मुलखात वैशाखात बायका हंडे घेऊन उतारावरून खाली जात होत्या. झऱ्याच्या खड्ड्यात पाणी साठायची वाट पाहत बसायचं, वाटीनं हंडा भरायचा, दोन हंडे डोक्यावर चढवून चढ चढायचा. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, उन्हात चकाकत होतं. ते आटत मागं सरकलेलं, आणि मध्ये गाळाचा भेगाळलेला पट्टा. मी सूनबाईंबरोबर जाऊ लागले. हंडा डोक्यावर घ्यायची रीत मला पाथर्डीकडची येत होतीच. रांगेत बसल्यावर जे बोलणं चालायचं तेही ओळखीचं होतं. तिथं एकदा आजी म्हणाल्या, "बाई, पाऊस आमचा अन् पाणी तुमचं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य मी घेऊन उठले आणि पुढचा सगळा पावसाळा ते माझ्या मनात पाझरत राहिलं.

मे सरता सरता काजवे आले. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री पेटू लागली. एका फांदीवर उजेड उठायचा आणि लाट जावी तसा झाडभर पसरून विझायचा, मग शेजारचं झाड. शहरातून गाड्या भरभरून माणसं आली. बाबांचं लक्ष मात्र पश्चिमेकडं, घाटाच्या तोंडाशी. भाताचं रोप वाढवायच्या राबाची जागा भाजून तयार होती, सरपण रचून झालं होतं, कौलं चाळून झाली होती. काजवे आले म्हणजे पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आला, असं बाबांचं गणित. वर्षातल्या साऱ्या तारखा त्यांच्याजवळ नक्षत्रांत होत्या. मृगात पेरलं, आर्द्रात रोप हातभर झालं, पुनर्वसूच्या तरण्या पावसात आवणी, म्हणजे भाताची लावणी. पुष्याचा पाऊस म्हातारा, तो हळूहळू पण दिवसभर लागतो. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. आठवड्याचे वार तिथं राजूरच्या बाजारापुरते उरतात. मला सोमवार कोणता आणि शुक्रवार कोणता हे आठवेनासं झालं, तेव्हा खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

पाऊस आला तो वाऱ्याला घेऊन. आमच्याकडं पाऊस येतो तसा मातीचा वास दरवळून, चार थेंब टाकून, परवानगी मागून नाही. घाटाखालच्या कोकणातून ढग कड्यावर चढले आणि दुपारीच दिवा लावावा लागला. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या अंगावर पांढऱ्या धारा उभ्या राहिल्या. आदल्या महिन्यात ज्या खडकावर पाय भाजत होता, त्याच खडकावरून पाणी उड्या मारत खाली निघालं होतं. मी वळचणीला उभी राहून पाहत राहिले. माझ्या आतली पाथर्डीची बाई घाबरून म्हणत होती, अगं, हे सगळं वाया चाललंय, कुणी धरा याला.

मग आवणीचे दिवस आले. या कामाचा एक तुकडा मी जवळून पाहिला आणि थोडा हातानं केला, म्हणून सांगते. राबातलं रोप उपटताना आधी त्याची मुळं पाण्यात खळखळून धुवायची, चिखल निघून जातो आणि मूठ हलकी होते. मुठी बांधून खाचरात फेकायच्या, जिथं लागतील तिथं. बैलांनी चिखलणी केलेली असते, त्यावर फळी फिरवून चिखल सारखा केलेला असतो. डाव्या हातात मूठ धरायची. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी तीन-चार रोपं सुटी करायची आणि त्याच झटक्यात ती चिखलात खोचायची. बोटं बाहेर काढताना चिखल मिटला पाहिजे, नाहीतर रोप तरंगतं. खोल गेलं तर फुटवे कमी धरतं. सूनबाईंचा हात शिलाईच्या मशीनसारखा चाले, आणि तोंडानं शेजारणीशी गप्पा. डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, कमरेत वाकलेल्या, पाठीवर सरी. आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. सावडीनं चालणाऱ्या कामात मजुरीचा हिशेब नसतो, दिवसाची फेड दिवसानं. संध्याकाळी माझी बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. आजींनी ती चुलीजवळ धरायला लावली आणि नागलीची भाकरी, चाईची भाजी असं ताट पुढं केलं.

पुष्याची झड लागली तेव्हा बाहेरचं काम संपलं होतं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. दिवस-दिवस समोरचा डोंगर दिसत नव्हता. धुकं ओसरीत यायचं. कपडे चुलीवरच्या धुरात वाळायचे आणि धुराचाच वास घेऊन अंगावर चढायचे. वाचायला आणलेल्या पुस्तकांची पानं फुगली. मोबाईलला टॉवर मिळायचा तो एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर. सुरुवातीला मी वेळेचं काय करू या काळजीनं उठायचे. दिवसाचा काही जमाखर्च लागला पाहिजे, ही नोकरीतली ओढ सुटत नव्हती. बाबा ओसरीवर बसून अंबाडीचा दोर वळायचे. मांडीवर तळव्यानं पीळ द्यायचा, नवे धागे जोडायचे, पुन्हा पीळ. ते घाई करत नसत, रेंगाळतही नसत. मी शेजारी बसून धागे सोडवून देऊ लागले. पुढं पुढं आम्ही बोलायचं कमी केलं, कारण बोलायची गरज राहिली नाही. कधीतरी त्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की आज सकाळपासून मी काहीही उरवून ठेवलेलं नाही आणि मला भीतीही वाटलेली नाही. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं होतं.

शनिवार-रविवारी धबधब्यांकडं गाड्यांची रांग लागे. माणसं भिजायची, हसायची, भजी खायची आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायची. त्यांचा आनंद खरा होता, मी स्वतः अनेक वर्षं तशीच येऊन गेले होते. फरक इतकाच होता, की त्यांना डोंगर दिसत होता आणि मला आता डोंगरावरचं काम दिसू लागलं होतं. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेले डांगी बैल त्यांच्या फोटोत सुंदर येत. या बैलांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि म्हणून ते या पावसात उभे राहू शकतात, हे मला गोठ्यात हात फिरवून कळलं. पावसात टिकेल असं जनावर या मुलखानं पिढ्यान्‌पिढ्या जपून घडवलंय. आजींच्या माळ्यावर बियाण्याची मडकी होती, राख कालवून तोंड बांधलेली. याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाणांची बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. साठवण इथंही आहे. पण ही साठवण पेरण्यासाठी आहे. मडकं दरवर्षी रिकामं व्हावं लागतं, नाहीतर बी मरतं. माझ्या साठवलेल्या रजा मला तेव्हा फार आठवल्या.

श्रावणात धरण भरलं. पंधरा ऑगस्टच्या आत भंडारदरा भरतं, असा खालच्या लोकांचा ठोकताळा आहे आणि त्यावर त्यांच्या वर्षाची आखणी चालते. 1910 साली सुरू झालेलं हे धरणाचं काम 1926 साली पूर्ण झालं, साठवण अकरा हजार दशलक्ष घनफुटांच्या वर. नगरला नोकरीत असताना पेपरात हा आकडा मी रोज वाचायचे. आता तो आकडा मी पाहिला होता, माझ्या कौलांवरून वाहताना ऐकला होता. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते, अमृतेश्वराच्या जुन्या दगडी देवळाजवळून जाते, धरणात थांबते आणि मग अकोले, संगमनेर, कोल्हार करत नेवाशाला पोचते. याच नदीकाठी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी झाली. हिच्याच कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला गाळप हंगाम 1950-51 चा. त्या उसाच्या तोडणीला आमच्या पाथर्डीची माणसं दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून जात आली. नगर शहरात माझ्या नळाला येणारं मुळा धरणाचं पाणीही हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून, याच तालुक्यातून निघतं. म्हणजे माझ्या उभ्या आयुष्याचं पाणी आजींच्या उतारावरून आलं होतं. पाऊस आमचा अन् पाणी तुमचं, याचा अर्थ मला एवढा उलगडला.

पण त्यात एक बोच होती. एवढा पाऊस पडूनही वैशाखात हंडा घेऊन उतरावं का लागतं? उत्तर पायाखाली होतं. काळा पाषाण, त्यावर मातीचा पातळ थर, आणि उतार सरळ खाली. पाणी येतं तसं जातं. खडकाला ते पोटात घ्यायला सवड मिळत नाही. याच जिल्ह्यात, नगरपासून जवळ, हिवरे बाजार आहे. तिथला पाऊस घाटघरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, चारशे मिलिमीटरच्या आसपास. 1990 च्या दशकात त्या गावानं डोंगरावर समतल चर खणले, चराई आणि वृक्षतोड बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि पुढं किती पाऊस झाला याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायला सुरुवात केली. तिथं विहिरींना पाणी राहिलं. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांचं आणि त्या गावाचं नाव आपण सगळेच घेतो, पण त्या कामाचं मर्म मला घाटघरच्या बाजूच्या पावसात उभं राहिल्यावर समजलं. किती पडलं यावर काही ठरत नाही. किती मुरलं यावर सगळं ठरतं.

सुट्टीचंही हेच आहे, असं मी आता ठामपणे म्हणते. दोन दिवसांची सहल म्हणजे आपल्यावर कोसळलेला पाऊस. भिजल्याचं सुख मोठं असतं, पण परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत ते वाहून गेलेलं असतं. मन खडकासारखं घट्ट असतं, त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या काळज्यांचा थर बसलेला असतो. त्याला ओल धरायला अनेक दिवस लागतात, कंटाळ्याचे दिवस तर फारच लागतात. पुष्याची ती झड, ज्यात काही घडलं नाही, तीच माझ्यात सर्वांत खोल उतरली. बालीलाही हे झालं असतं, चार महिने एका घरात राहिले असते आणि त्यांच्या भाताच्या खाचरात उतरले असते तर. कुठं गेलो याला मी आता फार मोल देत नाही. किती काळ आणि कुणाच्या सोबतीनं राहिलो, याला देते.

काय बदललं, असं मला घरची माणसं विचारतात. उत्तर मोठं नाही. मी पाणी अजूनही जपून वापरते, पूर्वीपेक्षा अधिकच, पण आता तो हात भीतीनं आखडत नाही. हे पाणी कुणाच्या डोक्यावरून इथवर आलं ते ठाऊक आहे, म्हणून आखडतो. दिवस मात्र जपून ठेवायचं मी सोडलं. बहिणीला भेटायचं तर या आठवड्यात जाते. आवडलेलं लुगडं नेसून टाकते. नातवंडांबरोबर बसले की उठायची घाई करत नाही. पुढं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक, हे वाक्य माझ्या तोंडी अजून येतं. पूर्वी ते म्हटलं की मी झाकण घट्ट करायचे. आता तेच म्हणत झाकण काढते.

आणि एक गोष्ट मनापासून मागते. प्रवरेवरच्याच निळवंडे धरणाच्या प्रकल्पाला 1970 साली मंजुरी मिळाली आणि त्याचा डावा कालवा लोकार्पण व्हायला 2023 साल उजाडलं. खालच्या दुष्काळी गावांनी त्या पाण्यासाठी किती पिढ्या वाट पाहिली, ते मी त्यांच्यातलीच असल्यानं जाणते. तेवढाच हक्क वरच्या वाड्यांचा आहे. उतारावरचे झरे बांधून काढणं, पावसाळ्याचं पाणी टाक्यांत धरणं, डोंगरमाथ्यावर चर खणणं, ही कामं अवघड नाहीत. ती व्हावीत असा आग्रह खालच्या माणसांनी धरला पाहिजे, कारण वरच्यांचा पाऊस आपण पितो. आणि हा आग्रह धरायला माणूस तिथं राहून आलेला हवा. म्हणून नगरच्या, नेवाशाच्या, पाथर्डीच्या, जामखेडच्या माणसांना माझं सांगणं आहे, जमेल त्यांनी एक पावसाळा अकोल्याच्या डोंगरात काढा. भिजायला म्हणून जाऊ नका, राहायला जा. चिखलात हात घाला, झडीत बसून राहा, वैशाखात एक हंडा चढावरून आणा. आपलं पाणी आणि आपले दिवस या दोन्हींकडं मग तुम्ही आधीच्या नजरेनं पाहू शकणार नाही.